शिबिरांत मुलींचा सूर वेगळा ठेवा

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सुट्टी लागली की नाट्यगीतांची शिबिरे भरतात. शिकवणारे बहुधा रंगभूमीवर नाव मिळवलेले असतात आणि तेवढ्यावर त्यांना शिक्षक मानले जाते. गाणे वेगळे, दुसऱ्याचा गळा घडवणे वेगळे.

सोप्रानो (सर्वांत उंच स्त्री-आवाजाच्या गायिका) व्हर्जिनिया झेआनी 1948 मध्ये इटलीतल्या बोलोन्यात ‘ला त्राविआता’ हा ऑपेरा गाऊन रंगमंचावर आल्या. 1957 मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात फ्रेंच संगीतकार पुलंकच्या ऑपेरातली नायिका ब्लांश प्रथम त्यांनीच रंगवली. 1980 पासून त्या अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गायन शिकवू लागल्या. अशा विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र तास असतो. समोरचा मुलगा बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज) असेल तर बाईंची नक्कल करून त्याचे भागत नाही.

आपल्याकडे मात्र गुरुजींची काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी, तीच त्यांचा सा) तीच सगळ्यांची. काळी चार हा सा असलेल्या मुलीला काळी एकचा तार (वरच्या सप्तकातला) षड्ज हा तिचा तार मध्यम पडतो. तार गंधार लावताना ती खरे तर स्वतःच्या तार धैवतावर असते. तिथे ती ओरडणार, दुसरे काय होणार? त्यात ‘ई’ स्वच्छ हवा म्हणून जबडा मिटून धरायला लावले की जिभेचे मूळ आवळते. सोप्रानो इतक्या वर ‘ई’ला ‘आ’कडे झुकवते, शब्द पुसट झाले तरी चालवून घेते. नाट्यगीतात ते चालणार नाही, म्हणून सूरच उतरवायला हवा.

रेटून गाण्याने स्वरतंतूंचा पुढचा एक-तृतीयांश भाग संपतो तिथे, म्हणजे जिथे ते सर्वांत जोराने आपटतात, तिथे गाठी धरतात. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर ज्येष्ठमध-खडीसाखरेवर न थांबता घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. बारा ते पंधरा वयातल्या मुलग्यांचा आवाज जवळपास सप्तकभर उतरतो. त्या काळात वरच्या पट्टीचा हट्ट नकोच.

आयोजकांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला दहा मिनिटे द्यावीत. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम आणि तार मध्यम दोन्ही विनासायास लागतील तो सूर नावापुढे लिहावा आणि त्याप्रमाणे गट करावेत. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा सूर क्षणात बदलतो, खर्च काही नाही. साथीदाराला मात्र काळी चारमध्ये वाजवायची तयारी आधीपासून करायला सांगावे. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते.

आपले,
काही गायनशिक्षक, टिळकवाडी, बेळगाव