ती मूळव्याध नव्हती, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझ्या थोरल्या भावाला शौचातून रक्त पडायचं. मूळव्याध म्हणून पेठेतल्या एका दवाखान्याने ८ महिने मलम आणि इसबगोल दिलं. बोट घालून साधी तपासणीही केली नाही. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली तेव्हा आतड्याचा कर्करोग यकृतात पोचला होता. गेल्या श्रावणात तो गेला.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मूळव्याध नव्हतीच ती, दुखणं मूळपेशींतलं. आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशींतून नव्या पेशी बनतात, वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. गळणारी पेशी बिघडली तरी बिघाड तिच्याबरोबरच जातो. मूळपेशी मात्र ठाण मांडून असते. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांत दाखवलं, की मूळपेशींतलं एपीसी हे वाढीला लगाम घालणारं जनुक काढलं तर काही आठवड्यांत गाठी वाढतात. वर सरकलेल्या पेशींतलं काढलं तर मोठ्या गाठी क्वचितच होतात. २०२१ मध्ये आणखी एक उलगडा झाला: बिघडलेली मूळपेशी नोटम नावाचं प्रथिन सोडून शेजारच्या निरोगी मूळपेशींना हटवते आणि अख्खा खळगा बळकावते. (जागा कशी बळकावतात, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.)

पण त्या खळग्यापासून कर्करोगापर्यंत जायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. मधल्या काळात गाठीतून डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपू शकतं. ते शौचाच्या चिमूटभर नमुन्यात, ‘फिट’ (FIT) नावाच्या चाचणीने सापडतं. गाठ कोलोनोस्कोपीतच कापून काढता येते. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षीच तपासणी सुरू करायला सांगतात. आपल्या कर्करोग तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्यांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासतात. आतडं त्यात नाही.

पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आमच्या पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. म्हणून म्हणते, सुरुवात पुणे जिल्ह्यातून करा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पंचेचाळिशीपुढच्यांना फिट चाचणीचं किट द्या. रक्त आढळलं तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातली कोलोनोस्कोपीची तारीख तिथेच हातात मिळू द्या. नुसतं किट वाटून फोटो काढण्यात अर्थ नाही. आणि रक्त पडतंय म्हणून आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय मूळव्याधीचं मलम लिहू नये, असं परिपत्रक काढा. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

भावाची फाइल वहिनींनी जपून ठेवली आहे. पाहायची असेल तर घेऊन येईन. पत्ता पाकिटावर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे