कुत्रा दत्तक घेताना संस्थाही पारखावी

मा. संपादक,

निवारागृहातील कुत्रा दत्तक घेणे स्तुत्य आहे; मात्र तो कोणत्या संस्थेकडून घेतला जातो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पार्व्हो या पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लक्षणे संसर्गानंतर साधारण ३ ते ७ दिवसांनी दिसतात, त्यामुळे नव्याने आणलेली पिल्ले वेगळी न ठेवता, लसीकरणाची नोंद न देता लगेच सोपवणारी संस्था पिल्लू आणि कुटुंब या दोघांवरही अन्याय करते. जबाबदार संस्था आपले आवार मोकळेपणाने दाखवते, कुत्रा भित्रा किंवा चावरा असल्यास ते लपवत नाही आणि, माझ्या मते हीच खरी कसोटी, न जमल्यास त्याला परत घेण्याची लेखी हमी देते. कुत्रा घरी किती वेळ एकटा राहील, असे प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्यांवर कृपया रागावू नये. एकदा टाकून दिलेल्या जिवावर तीच वेळ पुन्हा येऊ नये, यासाठीच ते विचारलेले असतात.

– एक वाचक