आपबीती सांगून मत कधी वळतं?

संपादक महोदय,

समलिंगी विवाहावरच्या आपल्या रविवारच्या लेखात आयर्लंडचा दाखला आहे, तो चपखल आहे. पण ‘लोकांनी आपबीती सांगितली आणि मतं फिरली’ एवढ्यावरच लेख उरकला आहे. ती कोणी सांगितली, कोणाला आणि कशी, हा खरा कामाचा भाग त्यातून सुटला.

२२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२.०७ टक्के लोकांनी होकार दिला. ४३ मतदारसंघांपैकी रॉसकॉमन–साउथ लीट्रिम हा एकच विरोधात गेला. तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी त्याच जानेवारीत रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. त्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणून मराठी वाचकाला तेवढंच लक्षात राहतं. पण मतदानाच्या आठवडाभर आधी अर्सुला हॅलिगन या श्रद्धाळू कॅथलिक राजकीय पत्रकारानेही आपण समलिंगी असल्याचं वर्तमानपत्रात लिहिलं, आणि माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस एका समलिंगी मुलाची आई म्हणून बोलल्या. चर्चला जाणाऱ्या साठीच्या बाईला पंचविशीतल्या जोडप्याची प्रेमकथा फारशी भिडत नाही, दुसऱ्या आईचं बोलणं भिडतं. म्हणून आधी ऐकणारा ठरवायचा, सांगणारा मग.

हे शहाणपण पराभवातून आलेलं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणारा ‘प्रपोझिशन ८’ हा सार्वमताचा प्रस्ताव सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला आणि तिथला समलिंगी विवाहाचा हक्क गेला. शाळेतून घरी आलेली मुलगी आईला सांगते की आज राजपुत्राने राजपुत्राशी लग्न केल्याची गोष्ट वाचली, अशी विरोधकांची जाहिरात होती. हक्क-समानतेची भाषा त्या भीतीपुढे तोकडी पडली. त्यानंतर लॉस एंजेलिसमधले कार्यकर्ते, जिथे हरले त्याच वस्त्यांमध्ये, दारोदार गेले आणि लोकांना विचारू लागले, ‘तुम्ही विरोधात मत का दिलंत?’ त्यातून जी पद्धत घडली तिला तिकडे डीप कॅनव्हासिंग म्हणतात.

एका दारावर साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला शून्य (पूर्ण विरोध) ते दहा (पूर्ण पाठिंबा) यांत कुठे आहात ते विचारायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. समजा उत्तर आलं ‘चार’. तर ‘चारच का?’ असं तोंड पाडून विचारायचं नाही, ‘हाच आकडा का वाटला?’ असं विचारून गप्प बसायचं. ओळखीत कोणी समलिंगी आहे का? मग त्यांच्याच लग्नाकडे वळायचं: अडचणीच्या काळात जोडीदाराने कशी साथ दिली? आपली गोष्ट यानंतर, मिनिट-दोन मिनिटांत, एकाच प्रसंगाची. मुलांविषयीची भीती निघाली तर ती बोलून घेऊ द्यायची, लगेच खोडायची नाही. शेवटी पुन्हा आकडा. चाराचा सहा झाला तर उत्तम. ‘मग आता दहा का नाही?’ म्हणून रेटलं की माणूस आखडतो आणि पुन्हा चारावर येऊन बसतो.

बहुतेक नवखे चुकतात ते इथेच. स्वतःची गोष्ट इतकी घोळून पाठ केलेली असते की वेळ सगळा त्यातच जातो, घरमालक मान डोलावतो आणि दार लावतो. त्याने स्वतः काहीच आठवलेलं नसतं, मग बदलणार काय?

याला पुरावा आहे का? इथे सावध राहायला हवं. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक गाजलेला शोधनिबंध आला होता. समलिंगी कार्यकर्त्याशी एकदा बोलल्यानेही मत टिकाऊपणे बदलतं, असा त्याचा दावा. आयर्लंडच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना त्यातल्या आकडेवारीतले घोळ उघड झाले आणि २८ मे रोजी तो निबंध मागे घेतला गेला. आपल्याकडचे वक्ते अजून तोच दाखला देतात, हे वाईट. गंमत अशी की तो घोळ उघड करणाऱ्यांपैकी ब्रूकमन आणि काला या संशोधकांनीच २०१६ मध्ये मायामीतल्या ५०१ मतदारांवरचा खरा प्रयोग प्रसिद्ध केला. विषय विवाहाचा नव्हता, पारलिंगी व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहाचा होता. सुमारे दहा मिनिटांच्या संवादाचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकला होता, आणि बोलणारा स्वतः पारलिंगी नसला तरी टिकला होता. पुढच्या प्रयोगांत त्यांनी अनुभवांची देवाणघेवाण काढून नुसते युक्तिवाद ठेवले, तेव्हा परिणामच दिसला नाही.

आपल्याकडे सार्वमत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संसदेवर सोडला, तेव्हा ऐकणारे आहेत ते खासदार आणि त्यांना मत देणारी कुटुंबं. पण आपल्या वाहिन्यांवर एखाद्याला बसवून ‘घरच्यांना कधी कळलं?’ इथपासून सुरुवात होते ती त्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बघणारा ‘बिचारा’ म्हणतो. ‘बिचारा’ म्हटलेल्या माणसाच्या लग्नाला कोणी पाठिंबा देत नाही.

एक विनंती आपल्यालाही. अशा मुलाखती छापताना ‘नाव बदलले आहे’ एवढी तळटीप पुरत नाही. तालुक्याचं गाव, सहकारी बँकेतली नोकरी, दोन भावांतला धाकटा, एवढ्या तीन गोष्टींवरून गावात माणूस दुपारपर्यंत ओळखला जातो. छापण्याआधी मजकूर त्याला वाचून दाखवा, आणि त्यातलं काय गाळायचं ते त्यालाच ठरवू द्या.

— एक वाचक, पुणे