डी-टूच्या तेलपाण्याबद्दल

इंदूर,
ता. १२ मे

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

पत्र आणि डी-टूचे, म्हणजे तुझ्या जुन्या कॅटरपिलर (कॅट) क्रॉलर ट्रॅक्टरचे, फोटो मिळाले. तू गिअर ऑइलचं विचारलंयस, पण फोटो बघून आधी दुसरंच सांगतो. ज्या लोखंडी पट्ट्यावर मशीन चालते त्या चेनवर जळकं ऑइल ओतणं आजपासून बंद कर. त्या काळच्या चेनचे पिन आणि बुश कोरडेच चालायचे असतात. तेल लागलं की आपल्या माळव्याची काळी माती त्याला धरते, बारीक कच फटीतून आत जाते आणि व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आयतीच तयार होते. मग पिन झिजतात, दोन कड्यांमधलं अंतर वाढतं, स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकडे होतात, आणि चेन कितीही ताणली तरी ती दातांवर नीट बसत नाही. संध्याकाळी ओला असतानाच चिखल खरवडून काढायचा, बस. चेनची सेवा तेवढीच.

तुझा मिस्तरी म्हणतो सगळीकडे एकच १४० नंबरचं गिअर तेल घाला. तिथेच गडबड आहे. या मशिनीत प्रत्येक खण वेगळा. एकात ब्रॉन्झ आहे, एकात क्लचच्या कोरड्या प्लेटा, एकात पेट्रोल गळून येतं. खणात काय आहे ते आधी बघायचं, डबा नंतर विकत घ्यायचा.

इंजिनापासून धरू. जुन्या इंजिनाला डिटर्जंट (आतला मळ सोडवणारं रसायन) नसलेलं साधं तेलच लागतं, असं लोक अजून छातीठोक सांगतात. डिझेल कॅटच्या बाबतीत ते उलटं आहे. १९३०च्या दशकात याच कंपनीच्या डिझेलमध्ये पिस्टन रिंगा कार्बनने चिकटून बसायच्या, आणि डिटर्जंट तेलं आली ती त्याच दुखण्यावर. डी-टू १९३८ ते १९५७ बनली, म्हणजे ती त्या तेलांवरच वाढलेली आहे. तेव्हा सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० बिनधास्त घाल. गरम झाल्यावर ते ४० नंबरच्या साध्या तेलाइतकंच जाड असतं आणि जानेवारीच्या पहाटे पंपाला जड जात नाही. मोनोग्रेडच, म्हणजे एकाच नंबरचं तेल, हवं असेल तर उन्हाळ्यात ४०, थंडीत ३०.

धोका तेलात नाही, वर्षानुवर्षं साचलेल्या गाळात आहे. नवं तेल तो गाळ सोडवतं, तो पंपाच्या जाळीत जाऊन बसतो आणि प्रेशर पडतं. म्हणून इंजिन गरम असताना तेल काढ, ऑइल पॅन खाली उतरव, जाळी घासून धू, फिल्टर बदल. पहिलं तेल १० तासांत फेक, दुसरं ५० तासांत. त्यानंतर पुस्तकात दिलेल्या तासांवर जा. नवं तेल दोन दिवसांत काळं झालं तर घाबरू नकोस, ते काम करतंय.

आता गिअरबॉक्स. बेव्हल गिअरही, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारा तिरप्या दातांचा गिअर, याच तेलात बुडालेला असतो. दुकानदार हमखास जीएल-५ पुढे करेल (जीएल हा गिअर तेलाचा दर्जा), कारण जीप आणि ट्रकच्या हायपॉइड, म्हणजे दात एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या, डिफरन्शियलला तेच चालतं. आपल्याकडे हायपॉइड नाही, साधा बेव्हल आहे. जीएल-५मध्ये दाताला दात घसरतो तिथे वाचवणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं भरपूर असतात, आणि गरम झाल्यावर तीच ब्रॉन्झचे बुश आणि थ्रस्ट वॉशर खाऊ शकतात. जीएल-४मध्ये ती साधारण निम्मी. जीएल-१ म्हणजे निव्वळ खनिज तेल. मिळालं तर उत्तम, नाही तर जीएल-४. गिअरबॉक्सला ९०, मे-जूनमध्ये जड काम असेल तर १४०. जुन्या छापील तक्त्यात १६० दिसलं तर ती ग्रेड आता राहिली नाही, १४० घे.

एक गंमत लक्षात ठेव. गिअर तेलाचा ९० आणि इंजिन तेलाचा ५० यांची जाडी जवळपास सारखीच असते, मापाच्या पट्ट्या वेगळ्या आहेत इतकंच. म्हणून नव्या डोझरसाठी मिळणारं टीओ-४ दर्जाचं ५० नंबर या गिअरबॉक्सला चालतं.

डब्याबद्दल शंका असेल तर घरीच बघ. तांब्याची तार पॉलिश पेपरने लखलखीत कर, स्टीलच्या पेल्यात तेल घेऊन ती त्यात बुडव, वर झाकण ठेव आणि पेला उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ३ तास ठेव. पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नकोस. तार जराशी नारिंगी झाली तर ठीक. जांभळी किंवा काळी पडली तर ते तेल ब्रॉन्झजवळ नेऊ नकोस.

फायनल ड्राइव्हला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांच्या खणाला, १४०, दोन्ही बाजूंना लेव्हल प्लगच्या भोकापर्यंत, मशीन सपाट जागी उभी करून. डाव्या बाजूने गळतंय म्हणून कोणी ग्रीस भरायला सांगेल. भरू नकोस. गिअर त्या ग्रीसमध्ये स्वतःपुरती खाच पाडतो, ग्रीस बाजूला उभं राहतं आणि बेअरिंग कोरडी पडते. गळती थांबल्यासारखी वाटते, कारण आत वाहायला काही उरलेलंच नसतं. सील बदलणं हाच इलाज. तोवर रोज सकाळी लेव्हल बघ.

मशीन वळवणाऱ्या स्टिअरिंग क्लचचे दोन खण मात्र कोरडे. तिथे तेल नाहीच. गिअरबॉक्स किंवा फायनल ड्राइव्हचं सील गेलं की तेल तिथे झिरपतं, प्लेटा घसरतात आणि लोड घेतला की मशीन एका अंगाला ओढते. तुझी डावीकडे ओढते ना? डावा क्लच घसरतोय. खालचा ड्रेन प्लग काढ, काय येतं ते बघ. तेल आलं तर प्लग लावून आत रॉकेल भर, क्लच लागलेले असताना काही मिनिटं चालव, रॉकेल काढ. दुसऱ्यांदा भरून क्लच सोडून तसंच कर. नंतर प्लग काढून रात्रभर निथळू दे. जवळ बिडी-काडी नको. रिलीज बेअरिंगला ग्रीसचे दोन-तीन झटकेच. जास्तीचं ग्रीस थेट प्लेटांवर जातं.

चेनवर फिरणाऱ्या ट्रॅक रोलरला ग्रीस हाताच्या पंपाने, सावकाश. हवेवर चालणारी ग्रीस गन लावलीस की सील उलटतं, आणि पहिल्याच पावसात रोलरमध्ये चिखल.

एअर क्लीनरच्या वाटीत इंजिनाचंच तेल, खुणेपर्यंत. वर गेलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि ॲक्सिलरेटर बंद केला तरी पळत सुटतं. नांगरटीच्या धुळीत वाटी रोज धुवायची. पोनी मोटरला, म्हणजे डिझेल इंजिन सुरू करणाऱ्या छोट्या पेट्रोल इंजिनाला, ३० नंबर, पण आधी नाकाने वास घे. कार्बुरेटरचा फ्लोट गळला की पेट्रोल तिच्या तेलात उतरतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि कॉर्कच्या फ्लोटवरचं चपडं त्यात विरघळतं, तेही तपासून घे. पोनी बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून तिला आपोआप थांबू द्यायचं.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळायची जुनी सवय सोड. रॉकेल पातळ आणि कोरडं. पंपाचे प्लंजर झिजवतं.

१९४९ साली जागतिक बँकेच्या कर्जातून ट्रॅक्टर आले ते भोपाळ-माळव्याकडच्या कांस गवताची मुळं उपटायला. ही माती क्रॉलरला काय करते ते तेव्हापासून जगजाहीर आहे. पावसाळ्यात तर खणांत पाणीही शिरतं. रात्रभर उभ्या मशिनीचा प्लग सकाळी सुरू करण्याआधी अर्धा फेरा सैल कर, पाणी असेल तर तेच आधी येईल. तेल दुधाळ दिसलं तर थेंबभर गरम तव्यावर टाक. तडतडलं तर पाणी आहे, ते तेल बदलच.

शनिवारी सियागंजात येणार आहेस तर डबे घेण्याआधी माझ्याकडे ये. दोन्ही फायनल ड्राइव्हचं थोडं-थोडं तेल काचेच्या बाटल्यांत घेऊन ये. तळाशी राखाडी पेस्ट असेल तर चालेल, सुईसारखे तुकडे असतील तर तेल सोडून बेअरिंगांचं बोलू. बाटल्यांवर डावं-उजवं लिहायला विसरू नकोस.

तुझा,
माधव