चि. मुक्तास, पगारपत्रकाच्या गडबडीनंतर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास आणि आई देवघरात जाऊन बसली ती बराच वेळ उठली नाही. मला फोनवर सुचत नाही. तू "ठीक आहे बाबा" म्हणालीस की माझं बोलणं तिथंच खुंटतं, म्हणून लिहितोय.

पगारपत्रकात एकच कॉलम सॉर्ट झाला, नावं जागच्या जागी राहिली आणि आकडे वरखाली झाले. तसं होण्याआधी एक्सेल विचारतं, शेजारचे कॉलमही सोबत घ्यायचे का. वरचा पर्याय 'एक्सपांड द सिलेक्शन'. तू घाईत खालचा धरलास. होतं असं. फाइल बंद करेपर्यंत केलेलं मागे घ्यायला कंट्रोल-झेड हाताशी होतं. मला लागलं ते वेगळंच. काहीतरी चुकलंय हे तुला तेव्हाच जाणवलं होतं, शेजारी त्या बाई बसल्या होत्या, आणि तू विचारलं नाहीस.

पतसंस्थेत संगणक आले तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. एमएस-सीआयटीच्या वर्गात माझ्या दोन्ही बाजूंना दहावी झालेली मुलं. बावीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली होती, पण बेरीज कुठं मांडायची ते कळेना. शिकवणाऱ्या मुलीनं दोन दिवस एकही फॉर्म्युला सांगितला नाही. आधी स्क्रीन ओळखा, म्हणाली. तूही आज रात्री एक कोरी शीट उघड. डावीकडे वर नेम बॉक्स आहे, त्यात सेलचा, म्हणजे त्या चौकटीचा, पत्ता दिसतो. तिथंच पत्ता टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या सेलवर जाता येतं. त्याच्या शेजारी फॉर्म्युला बार. सेलमध्ये 500 दिसतात, पण ते कुणी हातानं लिहिलेत की बेरजेतून आलेत, ते वरच्या पट्टीत कळतं. दुसऱ्याची फाइल हातात आली की आधी तिथं बघायचं. आकडा उजवीकडे टेकतो, अक्षरं डावीकडे. आपण काही बदललेलं नसताना आकडा डावीकडे दिसला, तर एक्सेल त्याला मजकूर समजतंय, बेरजेत तो धरला जाणार नाही. आकड्याच्या जागी नुसते हॅश दिसले तर घाबरू नकोस, कॉलम अरुंद झालाय. त्या कॉलमच्या डोक्यावरचं अक्षर आणि त्याच्या उजवीकडचं अक्षर, यांच्या मधल्या रेघेवर डबल-क्लिक कर. आणि आकडे सिलेक्ट केलेस की अगदी खाली स्टेटस बारमध्ये बेरीज आपोआप येते. संध्याकाळची शिल्लक मी आधी तिथं ताडून बघायचो, मगच उठायचो.

माझ्या वेळी एका शीटमध्ये 65,536 ओळी होत्या, तुझ्याकडे 10,48,576 आहेत. कोऱ्या शीटवर कंट्रोल आणि खालचा बाण दाबलास तर थेट तळाला जाशील. कंट्रोल-होम दाबलंस की परत ए-1 वर.

पालीच्या जत्रेत तू हरवली होतीस ते आठवतं का? सहा वर्षांची होतीस. बांगड्यांच्या दुकानाशी तास-दीड तास उभी होतीस. रडली नाहीस, कुणाला नावही सांगितलं नाहीस. केवढी धीराची पोर, असं सगळे म्हणाले, आणि मीही चारचौघांत ते कौतुकानं सांगत फिरलो. तसं सांगायला नको होतं. बारावीच्या वेळी तेच झालं. सुमाआत्याचंही तेच झालं, तो विषय नको.

बघ, परत तिथंच आलो. एक्सेलबद्दल लिहायला बसलो होतो. तू पहिल्या पगारातून आईला साडी आणलीस, ती तिनं अजून नेसलेली नाही, येईल त्याला नुसती दाखवते. तुला शिकवायला मी कोण, असंही वाटतं. जास्त बोललो असेन तर राग धरू नकोस. पण विचारत जा गं. रात्रीचे अकरा वाजले असले तरी मला विचार.

निनाद बुधवारी येतोय, त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवतोय. दोन डबे आहेत. लहान डबा त्या बाईंना दे, आणि देताना सॉर्टचं एकदा विचारून घे.

तुझे,
बाबा