शनिवारच्या प्रशिक्षणाची आठवण

सर्वांना नमस्कार. मानवी तस्करीविरोधी प्रशिक्षण शनिवारी सकाळी साडेदहाला, नेहमीच्याच सभागृहात. ठाणे अंमलदार आणि बालसंरक्षण कक्षातले सहकारी, दोघांनीही यायचं आहे. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, बहुतेकांना पाठ आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं 143 आणि 144 तेवढी वाचून या. नव्या गुन्ह्यांच्या कागदांवरही अजून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 370 दिसतं!

मुख्य भर जबाबावर. सुटका झालेल्या मुलीला चार जणांनी चारदा तेच विचारायचं नाही. आधी पाणी, जेवण, तिची भाषा समजणारं माणूस. अल्पवयीन असेल तर 24 तासांत बालकल्याण समितीपुढे.

मागच्या वेळी निम्मे जण जेवून गायब झाले. सराव दुपारीच आहे, तेव्हा पाचपर्यंत थांबा. जमणार नसेल तर आजच कळवा.