पाण्याच्या दिवशी घर पाहायला लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

आमच्या भाडेकराराचे 11 महिने 31 मार्चला पूर्ण झाले आणि त्याच घराचा पुढचा करार आम्ही गेल्या आठवड्यात केला. नव्या करारावर सही करताना, गेल्या वर्षी याच दिवसांत तुम्ही माझ्याबरोबर सलग तीन रविवार या शहरात उन्हातान्हात फिरलात, हे सारखे आठवत होते. तेव्हा मी आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलायचात. म्हणून आता लिहितो आहे, आणि सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे. कारण नोकरीसाठी सोलापुरात येणाऱ्या आणखी कुणाला तुमच्या सांगण्याचा उपयोग झाला, तर ते तुम्हाला आवडेल याची मला खात्री आहे.

मी चिपळूणचा. आमच्याकडे घर भाड्याने घेताना माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 2005 साली आणि 2021 साली पुराचे पाणी कुठपर्यंत चढले होते हा. सोलापुरातही मी सवयीने तेच विचारत होतो, आणि ज्या इमारतीभोवतीची जागा उंच तिथे मला निर्धास्त वाटत होते. तुमचा मुलगा कारखान्यात माझ्या शेजारच्या विभागात काम करतो. त्याने माझी ही विचारपूस ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी मला तुमच्याकडे आणले. पस्तीस वर्षे टपाल वाटलेल्या माणसाला शहर वेगळे दिसत असणार एवढेच तेव्हा माझ्या मनात होते. तुम्ही मात्र एकाही भागाचे नाव घेतले नाही. कारखाना अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आहे, दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, आईचे गुडघे दुखतात, मुलगी तिसरीत जाणार आहे, हे सगळे तुम्ही एकेक विचारून घेतले आणि मग म्हणालात, "आता घर बघू."

त्याआधी मी जुळे सोलापुरात एका इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट जवळजवळ ठरवला होता. बाहेरून येणाऱ्या नोकरदाराला सगळे तोच भाग सुचवतात, आणि ते चुकीचेही नाही. रस्ते रुंद, बांधकामे नवी, शेजार बहुधा आपल्यासारख्याच बदलीवर आलेल्यांचा. फ्लॅट पश्चिमेच्या गॅलरीचा होता आणि सकाळी दहा वाजता पाहिला तेव्हा फार प्रसन्न वाटला होता. "चोवीस तास पाणी" असे एजंटाने सांगितले होते आणि त्याच दिवशी टोकन द्यावे असा त्याचा आग्रह होता. तुम्ही मला टोकन देऊ दिले नाही आणि त्याच फ्लॅटवर संध्याकाळी साडेपाचला नेले.

बैठकीच्या खोलीत गेल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिलात आणि मग मला म्हणालात, "ठेवा हात." भिंत तव्यासारखी तापलेली होती. तेव्हा एप्रिलचा पहिलाच आठवडा चालू होता. पारा चाळिशीच्या वर जाण्याचे खरे दिवस अजून पुढे होते. वरती स्लॅब, त्यावर सावलीचे काही नाही. "ही भिंत रात्री दोनपर्यंत अशीच राहणार, आणि तुम्ही अकराला कामावरून येणार," एवढेच तुम्ही म्हणालात. त्यानंतर आपण गच्चीवर गेलो. टाकीचे झाकण उघडून तुम्ही आत डोकावलात, एक खडा टाकलात आणि खाली येऊन रखवालदाराला विचारलेत की महापालिकेचे पाणी शेवटचे कधी आले होते. तीन दिवसांपूर्वी, तो म्हणाला. आणि मेमध्ये टँकर मागवावे लागतात, हेही त्याने आपण होऊन सांगितले. चोवीस तास येते ते बोअरचे पाणी, आणि ते भांडी घासायलाही नको वाटावे इतके जड होते.

शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या उजनी धरणातून या शहराला पाणी येते आणि ते रोज येत नाही, हे मी ऐकून होतो. पण त्याचा घर निवडण्याशी इतका थेट संबंध असेल हे माझ्या डोक्यात आले नव्हते. आमच्याकडे पावसाळ्यात सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी किती येईल याची आम्हाला धास्ती असते, ते येईल का याची नसते. पाण्याचा वार कोणता, वेळ कोणती, दाब किती, हौद केवढा आणि त्यावर कुटुंबे किती, हे प्रश्न भाडे विचारण्याच्या आधी विचारायचे असतात, हे तुमच्यामुळे कळले. शिवाय घर पाण्याच्या दिवशी, पाणी सुटण्याच्या वेळेलाच पाहायचे, ही तुमची अट मी आता प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. ती इमारत आम्ही सोडली याचा अर्थ तो भाग वाईट असा नाही. तिथल्याच दुसऱ्या गल्लीत आमचे एक सहकारी तळमजल्यावर आनंदाने राहतात.

दुसऱ्या रविवारी आपण अगदी उलट टोकाला, विणकर वसाहतीच्या बाजूला गेलो. कारखाना तिथून जवळ, भाडे कमी, घरमालक सज्जन. तुम्ही त्यांच्याशी तेलुगूत बोललात, कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत; एका गल्लीत तीन भाषा इतक्या सहज चालताना मी प्रथमच ऐकल्या. घर मला पसंत होते. तुम्ही मला आतल्या खोलीत दहा मिनिटे नुसते बसवलेत. पलीकडच्या भिंतीला लागून यंत्रमाग होते आणि त्यांचा खडखडाट फरशीतून पायाला जाणवत होता. तुमचे सारे बालपण त्या आवाजात गेले आहे आणि माग बंद पडला की तुमच्या वडिलांना जाग यायची, हे तुम्ही अभिमानाने सांगितलेत. "पण आईंना विचारा," म्हणालात. आईला विचारले. तिने नाही म्हटले, आणि तुम्हाला त्याचे जराही वाईट वाटले नाही, याबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे.

कुमठा नाक्याच्या अलीकडचे हे घर तिसऱ्या रविवारी मिळाले. तळमजला, पूर्वेला दार, पश्चिमेला शेजारच्या घराची सावली, दोन कुटुंबांत मिळून एक हौद. कारखान्यातून रात्री निघालो की शहर न ओलांडता घरी पोहोचतो. आईला तुम्ही मुद्दाम संध्याकाळी आणलेत, समोरच्या कट्ट्यावर बायका बसतात त्या वेळी. शेजारच्या आजींना मराठी बेताचे येते आणि आईला कन्नड मुळीच येत नाही, तरी शेंगा सोलत दोघी तास तास बसतात.

कराराच्या बाबतीतही तुम्ही आग्रह धरलात. नुसते स्टँपपेपरवर लिहून ठेवू, असे मालकांचे म्हणणे होते आणि मीही तयार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, हे तुम्ही मालकांना इतक्या आदराने समजावलेत की त्यांना कुठेही टोचले नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवर धरलेले व्याज यांच्या बेरजेच्या अवघे 0.25 टक्के लागते, हे कळल्यावर तर त्यांचा विरोधच मावळला. पुढे मुलीच्या शाळेत, बँकेत आणि गॅसच्या जोडणीसाठी तोच कागद उपयोगी पडला. करारातला पत्ता मात्र तुम्ही स्वतः तीनदा वाचलात आणि घर क्रमांकातला एक आकडा दुरुस्त करून घेतलात. "चुकलेल्या पत्त्याची पत्रं मी फार परत पाठवलीत," असे म्हणताना तुमचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेलो नाही.

काका, नवख्या गावात पहिल्या महिन्यात माणूस फार एकटा असतो आणि घाईत निर्णय घेतो. तुम्ही मला घाई करू दिली नाही. तुमचे माझ्याशी कसले नाते नव्हते, तुम्ही रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत, उलट घरी परतताना काकूंनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. आज संध्याकाळी साडेपाचला मी आमच्या भिंतीला हात लावून पाहिला. गार होती.

आमच्या गल्लीत पुढचे पाणी शुक्रवारी पहाटे आहे. गावाहून कोकमाचे आगळ आले आहे आणि आईने सोलकढीचा बेत ठरवला आहे. रविवारी दुपारी काकूंना घेऊन जेवायला यावे, ही आम्हा सर्वांची विनंती.

आपला कृतज्ञ,
चिपळूणहून आलेला आपला भाडेकरू शेजारी